दुपारी दोन वाजताचं लष्कर

आधी मान्य करून टाकते, आमच्याकडे कंटाळा आहे. ग्वाल्हेरला, त्यातही लष्कर नावाच्या आमच्या जुन्या भागात, जून महिन्यात दुपारी दोन वाजता जो कंटाळा असतो तसा मी दुसरीकडे कुठे बघितला नाही. बाहेर लू चाललेली, पारा ४५च्या आसपास, दुकानांची शटरं अर्ध्यावर, कूलरमधल्या ओल्या खसचा वास, आणि घरातली सगळी माणसं फरशीवर आडवी. फोन वाजत नाही, बेल वाजत नाही. साडेपाचपर्यंत गावात काहीही होणार नाही हे गावातल्या प्रत्येकाला माहीत असतं.

गेल्या जूनमधे माझी भाची पुण्याहून आली होती. एकोणीस वर्षांची आहे, हुशार आहे, मनात असेल ते सरळ विचारते. तिसऱ्या दिवशी अशाच एका दुपारी तिने छताकडे बघत विचारलं, "मावशी, तुम्ही लोक इथे करता काय?" टोमणा नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं काम करतो, खातो, झोपतो, अजून काय. ती म्हणाली, "नाही गं, म्हणजे त्याशिवाय." आणि मला उत्तरच आलं नाही. अकरा वर्षं पुण्यात काढून मी परत आले, आले ती बाबांच्या आजारपणामुळे पण नंतर थांबले ती स्वतःच्या मर्जीने, मग मला तरी हे सांगता यायला हवं होतं ना. सात महिने तो प्रश्न डोक्यात घेऊन फिरतेय म्हणून आज लिहायला बसले.

मी दुकानदारांचे हिशोब आणि जीएसटी रिटर्न भरायचं काम करते, त्यामुळे काही सुचेनासं झालं की आधी आकडे काढून बघते. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र ही दोन राज्यं क्षेत्रफळात जवळजवळ सारखी आहेत, दोन्ही ३ लाख ८ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, फरक पाच-सहाशे चौरस किलोमीटरचा. पण २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात ११ कोटी २४ लाख माणसं होती आणि आमच्याकडे ७ कोटी २६ लाख. म्हणजे तेवढ्याच जमिनीवर चार कोटी माणसं कमी. महाराष्ट्रात शंभरातली ४५ माणसं शहरात राहतात, इथे २७-२८. आमच्याच भागातला श्योपुर जिल्हा घ्या, एका चौरस किलोमीटरला १०४ माणसं, आणि मुंबई उपनगरात तेवढ्याच जागेत वीस हजारांवर. हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की भाचीला जे जाणवलं ते काही तिच्या मनाचे खेळ नव्हते. ती ज्या गर्दीतून आली होती ती गर्दी इथे खरंच नाहीये, आणि नसलेल्या गर्दीचा पण एक आवाज असतो, तो तिला दुपारी ऐकू येत होता.

पण "तिथे काही नाही" असं जेव्हा पुण्या-मुंबईची माणसं म्हणतात तेव्हा त्या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि त्या वेगळ्या करायलाच हव्यात असं मला मनापासून वाटतं. एक म्हणजे उणीव. दुसरा म्हणजे कंटाळा.

उणीव काय असते ते सांगते. बाबांना दुसऱ्यांदा त्रास झाला तेव्हा जानेवारी होता, रात्रीचे अडीच, आणि इथल्या एका हॉस्पिटलमधे सांगितलं की मशीन आहे पण चालवणारे डॉक्टर सोमवारी येतील, तुम्ही दिल्लीला घेऊन जा. सव्वातीनशे किलोमीटर. इकडचं धुकं ज्यांनी बघितलंय त्यांना कळेल, समोरचा ट्रक दिसत नाही, त्याचा मागचा लाल दिवा दिसला की मग ब्रेक. मी ॲम्ब्युलन्समधे बाबांचा हात धरून बसले होते आणि रस्त्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. ते वाचले, अजून चार वर्षं राहिले, पण त्या रात्रीला मी "शांत राज्यातलं शांत जीवन" म्हणणार नाही, आणि कोणी म्हटलं तर मला राग येतो.

तसंच ते श्योपुरचं. ग्वाल्हेरहून श्योपुरला दोन फुटी रुळांची छोटी रेल्वे जायची, ग्वाल्हेरच्या शिंदे संस्थानाने सुरू केलेली, सुमारे २०० किलोमीटर, त्याला तब्बल दहा-अकरा तास. टपावर माणसं, दुधाचे कॅन, सायकली. पर्यटकांना ती मजेची वाटायची आणि तिचे फोटो खूप छापून यायचे. पण तिच्या टपावर बसणाऱ्यांना ती स्वस्त पडायची म्हणून ते बसायचे. मार्च २०२०ला लॉकडाऊनमधे ती थांबली ती परत काही आली नाही, आता मोठ्या रुळांचं काम चालू आहे. मधल्या वर्षांत ज्या गावांना ती एकच गाडी होती त्या गावातल्या मुलींच्या कॉलेजचं काय झालं असेल, हा विचार मला अजून छळतो. याला बोअर हा शब्द वापरणं चूक आहे. बोअर व्हायला आधी पोटभर वेळ लागतो.

आणि ही उणीव काही आभाळातून पडलेली नाही. लष्कर हे गावाचं नावच बघा, १८१०च्या सुमाराला दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ इथे पडला आणि तळाचंच शहर झालं. आजही पत्ते सांगताना आम्ही चिटणीस की गोठ, निंबाळकर की गोठ, महाडिक की गोठ म्हणतो, ती गोठ म्हणजे आपला गोट, छावणीतला. दानाओली म्हणजे दाण्यांची ओळ. रिक्षावाल्याला हे माहीत नाही आणि त्याचं काही अडत पण नाही, पण मला मात्र रोज येता-जाता आपली भाषा हिंदीच्या खिशात सापडते. तर अशा या गावाला दरबार होता, दरबार होता म्हणून गवयांना पगार होता, पगार होता म्हणून सगळा हिंदुस्थान इथे यायचा. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर महाराष्ट्रातून उत्तरेला आले आणि ग्वाल्हेरला वासुदेवबुवा जोशींकडे राहून ख्याल शिकून गेले, विष्णु दिगंबर पलुसकर त्यांचेच शिष्य. म्हणजे पुण्या-मुंबईतल्या मैफिली ज्या गाण्यावर उभ्या राहिल्या त्यातलं केवढं तरी आमच्या या "काही नसलेल्या" गावातून उचलून नेलेलं आहे. १९१८ साली भातखंड्यांनी माधव संगीत महाविद्यालय इथे काढलं. भीमसेन जोशी गुरूच्या शोधात घरातून पळाले तेव्हा अकरा-बारा वर्षांचा तो मुलगा गदगहून निघून ग्वाल्हेरला पोचला होता, कारण तेव्हा गाणं कुठे आहे असं विचारलं तर लोक ग्वाल्हेर म्हणायचे. काही घडतंय तिकडे मुलं पळतात. तेव्हा ती इकडे पळत होती.

मग १९४८ला संस्थान गेलं, मध्य भारत नावाचं राज्य झालं, काही वर्षं हिवाळ्यात राजधानी आमच्याकडे आणि उन्हाळ्यात इंदूरला. १९५६ला तीही भोपाळला गेली. आमच्याकडे हायकोर्टाचं खंडपीठ राहिलं, महालेखाकारांचं ऑफिस राहिलं, माझे बाबा त्याच ऑफिसात होते आणि गल्लीतल्या अर्ध्या मराठी घरांतले बाबा-काका पण. पुढच्या पिढीला त्या नोकऱ्या पुरल्या नाहीत, पोरं पुण्याला गेली, मग बंगळूरला, मग अजून लांब. आमच्या गल्लीत मी लहान असताना गणपतीत आरतीला उभं राहायला जागा नसायची. आता सात घरं उरलीत आणि आरतीचं पुस्तक बघून म्हणावी लागते. मला वाटतं गावं मुळातून कंटाळवाणी नसतात, त्यांच्यातून आधी पगार निघून जातो, मग माणसं जातात, आणि उरलेल्यांना गेलेले लोक फोनवर विचारतात की तुम्हाला बोअर होत नाही का.

आता कंटाळ्याबद्दल, तो मला जवळून माहिती आहे.

मी वीस वर्षांची असताना या गावातून पळून जावंसं वाटायचं आणि ते वाटणं खरं होतं. मुलीसाठी छोटं गाव म्हणजे डोळे. जनकगंजपासून बाड्यापर्यंत पंधरा मिनिटं चालायचं तर सात जण विचारणार, "कहाँ जा रई हो बिटिया?" आणि घरी पोचायच्या आत आईला कळलेलं असणार की मी कोणाबरोबर लस्सी प्यायले. पुण्याला पहिल्या वर्षी एकदा रात्री अकरा वाजता कर्वे रोडवरून स्कूटीवर एकटी येत होते, पाऊस भुरभुरत होता, आणि अचानक लक्षात आलं की या क्षणी मी कुठे आहे हे जगात कोणालाच माहीत नाही. मी रडले होते, आनंदाने. शहर माणसाला सगळ्यात मोठं काय देतं तर थिएटर नाही, मॉल नाही, ती ही गोष्ट देतं. कोणी ओळखत नाही. जी मुलगी कधी ओळखीच्या डोळ्यांखाली वाढली नाही तिला याची किंमत कळणार नाही, आणि मी माझ्या भाचीला कधीच म्हणणार नाही की हे सोडून ये.

पण मग सात-आठ वर्षांनी त्याच गोष्टीची दुसरी बाजू लागायला लागली. पुण्यात मी सगळं बघायचे. नाटकं, प्रदर्शनं, सवाई गंधर्व महोत्सवाला तर सहसा चुकले नाही, मागे सतरंजी टाकून हजारो माणसांत बसायचे आणि काय काय ऐकलं ते आयुष्यभर पुरेल. पण एक वर्ष ताप होता म्हणून गेले नाही आणि दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मी नव्हते हे कोणाला कळलेलं नाही. कळायचं कारण पण नव्हतं. अकरा वर्षांत मी त्या शहराच्या खूप गोष्टी घेतल्या, पैसे दिले, टाळ्या वाजवल्या, आणि माझ्यावाचून त्यातली एकही गोष्ट अडली नसती. शनिवारी काय करायचं याचे वीस पर्याय फोनवर असायचे आणि ते स्क्रोल करता करता जे यायचं ना आतून, त्याला मी तेव्हा थकवा म्हणायचे. आता कळतं की तो पण कंटाळाच होता, फक्त त्याला आवाज खूप होता.

परत आले त्या वर्षीची गोष्ट. गल्लीत एका काकांकडे घरगुती बैठक होती, लष्करात अजूनही होतात अशा, कुठे छापून येत नाहीत. बावीस-तेवीस माणसं, त्यात निम्मी साठीच्या पुढची. मी आपली मागे भिंतीला टेकून बसले, पुण्याची सवय. तंबोऱ्यावर बसणारा मुलगा आला नाही. गाणाऱ्या बाईंनी खोलीभर बघितलं, काकू म्हणाल्या, "ही शिकलेली आहे ना लहानपणी," आणि काका माझ्याकडे बघून, "काय करून राहिली आहेस तिथे मागे, ये, धर." चौदा वर्षांत हात लावला नव्हता. बोटं पहिल्या वीस मिनिटांत लाल झाली. बाईंनी यमन मांडला, आपल्या ग्वाल्हेरच्या रीतीने, सरळ, बंदिशीचं अक्षर अन् अक्षर दाखवत, आणि मी दोन तास त्या आवाजाच्या मागे, अगदी मागे, दोन हातांवर बसले होते. त्यांचा श्वास घ्यायचा आवाज मला ऐकू येत होता. मी हजारोंच्या गर्दीत बसून जेवढं गाणं ऐकलंय त्या सगळ्यापेक्षा मला त्या रात्री गाणं कशाचं बनतं ते जास्त कळलं, आणि ते मी फार चांगली श्रोती आहे म्हणून नव्हतं, तिथे दुसरं कोणी नव्हतं म्हणून होतं.

भाचीच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे असलं तर ते इथे कुठेतरी आहे. माणसं कमी असली की नुसतं बघणारं राहता येत नाही. इथे कोणीतरी येतं आणि तुमच्या हातात काहीतरी देतं, तंबोरा देतं, प्रसादाचं पातेलं देतं, आजारी शेजारणीच्या घराची किल्ली देतं. त्याचा वैताग पण येतो, खूप येतो, कारण नाही म्हणायची सोय नाही, आणि ज्या डोळ्यांपासून मी पळाले होते तेच डोळे हे. पुढच्या बैठकीला मी उशिरा पोचले तर तंबोरा लावून, माझ्या जागेवर ठेवून, सगळे थांबले होते.

तानसेन समारोहाबद्दल वेगळं लिहायला पाहिजे, इथे थोडंसंच. डिसेंबरात कडाक्याच्या थंडीत, हजीऱ्याजवळ तानसेनच्या समाधीपाशी, तिकीट नाही, कोणीही यावं. सकाळी सुरुवात होते ती सनईने, मग ढोलीबुवा मठाचे महाराज हरिकथा करतात आणि त्यानंतर मीलाद, म्हणजे पैगंबरांची स्तुती, होतो, दोन्ही त्याच समाधीपाशी, एकामागोमाग. ढोलीबुवांचा मठ आपला मराठी, लष्करातला. मी शाल गुंडाळून दरवर्षी सकाळच्या त्या भागाला जाते, संध्याकाळी मोठे कलाकार येतात तेव्हा गर्दी असते पण सकाळी बसायला हवी तिथे जागा मिळते. २०२३ला युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचं शहर म्हणून मान दिला तेव्हा पुण्याहून चार मेसेज आले, अरे वा म्हणून. छान वाटलं.

अजून एक जागा सांगते. किल्ल्यावर ग्वाल्हेर दरवाज्याकडून पायी चढायला लागलं की वाटेत कड्यात कोरलेलं एक छोटंसं चतुर्भुज मंदिर लागतं, मोटारीने उरवाईच्या बाजूने जाणाऱ्यांना ते दिसतच नाही. तिथे सन ८७६चा एक शिलालेख आहे आणि त्यात २७० आणि ५० या आकड्यांत गोल शून्य कोरलेलं आहे, जगातल्या सगळ्यात जुन्या लिहिलेल्या शून्यांपैकी ते एक. परदेशातून गणिताची माणसं ते बघायला येतात. पण मला त्या लेखातला मजकूर जास्त आवडतो. देवासाठी एक बाग दिली, २७० हात लांब आणि १८७ हात रुंद, आणि रोज ५० हार देवाला वाहायचे, असा तो हिशोब आहे. बस. कोणी लढाई जिंकलेली नाही, त्या दिवशी किल्ल्यावर काही मोठं घडलेलं नाही. कोणीतरी फुलांची नोंद नीट ठेवली. मी पण दाल बाजारातल्या लोकांच्या नोंदीच ठेवते, हिवाळ्यात गजकवाल्यांच्या, ज्यांच्याकडे पहाटे गुळाचा पाक खुंटीला टाकून ओढतात आणि तीळ घालून लाकडी मोगऱ्यांनी कुटतात, त्याचा धप धप आवाज गल्लीत येतो, आणि होळी जवळ आली की तो थांबतो कारण उन्हात गजक टिकत नाही. वर्षभराचं गणित तीन-चार महिन्यांवर. तो आवाज थांबला की मला दरवर्षी चुकल्यासारखं होतं.

या जानेवारीत भाची परत आली. मी बोलावलं नव्हतं, तीच म्हणाली येते. पहाटे गाडी करून तिला चंबळवर घेऊन गेले. जो रस्ता आमच्याकडे एबी रोड, तो आग्रा-बॉम्बे रोड आहे, म्हणजे तिच्या बाजूनेच सुरू होतो आणि आमच्यावरून पुढे नदी ओलांडतो. मुरैनाच्या पुढे दोन्हीकडे मोहरी, पिवळी, धुक्यात बुडालेली, मग बीहड, मातीच्या त्या घळी, आणि एकदम नदी. एवढी स्वच्छ की तिला खोटी वाटली. पलीकडच्या वाळूवर तीन सुसरी ऊन खात पडल्या होत्या.

सुसर फोटोत बघितलेली असते सगळ्यांनी. जगात जंगलात उरलेल्या सुसरींपैकी बहुतेक या एका नदीत आहेत, सत्तरच्या दशकात त्या संपत आल्या होत्या, मग अभयारण्य झालं, मुरैनाजवळ देवरीला अंडी उबवून पिल्लं मोठी करून नदीत सोडायला लागले. ही नदी त्यांना का मानवली तर या भागात काठावर कारखाने नाहीत, मोठी शहरं नाहीत, बीहडात शेती धड होत नाही आणि एके काळी डाकूंच्या भीतीने माणूस इकडे फिरकत नव्हता. ज्या उणिवेने माणसांचे हाल झाले त्याच उणिवेत ही जात वाचली. हे दोन्ही मला एकाच वेळी खरं धरावं लागतं आणि ते सोपं जात नाही.

आम्ही दोन तास बसलो. नेटवर्क नव्हतं. पहिला अर्धा तास ती चुळबुळत होती, मग थांबली. एका नराच्या नाकावर घडा होता, गोल, तो मी दाखवला, घडियाल नाव त्यावरूनच. मार्च-एप्रिलमधे माद्या वाळूत खड्डा करून अंडी घालतात, मग पिल्लं बाहेर आली की नर त्यांना सांभाळतो, शेकडो पिल्लं त्याच्या आसपास, पाठीवर चढलेली पण असतात, असं मी सांगत होते.

"किती वेळा हलली ती मधली?" मी विचारलं.

"तीनदा," ती लगेच म्हणाली. "एकदा फक्त डोळा." मग थोड्या वेळाने, "पिल्लं कधी येतात बाहेर?"

"जूनमधे. मेच्या शेवटापासून."

"म्हणजे मी इथे आले होते तेव्हा?"

"हो, त्याच दिवसांत."

ती पलीकडच्या वाळूकडे बघत राहिली. ऊन आता आमच्या बाजूला पण आलं होतं. मी थर्मास उघडला, चहा ओतला, तिने कप हातात धरला पण प्यायली नाही. मधली सुसर चौथ्यांदा हलली आणि पाण्यात गेली.